चौरस फूट मोजताना वाराही मोजा



मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील आपली हजारो कुटुंबे आज झोपडी आणि चाळ सोडून टोलेजंग इमारतींत राहावयास जात आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहत असून त्यांतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती आल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांस पाचशे चौरस फुटांचे घर मिळाले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हाच आकडा १९९५ साली २२५ होता, पुढे तो २६९ झाला आणि आता ३०० आहे. घरात स्वतःचा संडास आहे, स्वतःचा नळ आहे, पावसाळ्यात जमिनीवर पाणी चढत नाही, आणि सकाळी उठून घर मोडावयास कोणी येईल हे भय उरलेले नाही. हा लाभ लहान नव्हे. ज्यांस हा लाभ जन्मतःच मिळालेला आहे त्यांनी आमच्यापुढे झोपडीच्या जिव्हाळ्याची वर्णने करावीत, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

परंतु घर मिळाल्याचा आनंद व्यक्त करून झाल्यावर एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या घरात तुमच्या म्हाताऱ्या आईला पडून राहवते काय? रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर ती गार लागते, की अंगात ताप असल्यासारखी लागते? मुलगा दहावीच्या अभ्यासाला घरात बसतो, की पुस्तक घेऊन जिन्यात जातो? या प्रश्नांची उत्तरे देताना तुम्ही जर क्षणभर थांबला असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

'उन्हाळा आहे, उकडणारच,' असे कोणी म्हणेल. आम्ही त्यास विचारतो, बाहेरचे ऊन तर सर्वांस सारखेच आहे. मग एकाच रस्त्यावरील दोन इमारतींच्या आतील उकाड्यात इतका फरक का पडतो? याचे उत्तर आकाशात शोधावयाचे नाही. ते भिंतीत, खिडकीत, छतात आणि दोन इमारतींच्या मधल्या जागेत आहे, आणि या चारही गोष्टी माणसाने कागदावर आखलेल्या असतात. जे माणसाने आखले ते माणसाला बदलता येते. यास्तव हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम भिंत पाहा. स्वस्त घरे झपाट्याने बांधण्यासाठी आता अॅल्युमिनियमच्या साच्यांत संपूर्ण कांक्रीटच्या भिंती ओतल्या जातात. या भिंती बहुधा चार ते सहा इंच जाडीच्या असतात. मजबुतीच्या दृष्टीने त्यांत दोष नाही. पण कांक्रीटमधून उष्णता फार सुलभतेने वाहते. ज्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांना बांधकामावरील लोक सिपोरेक्स म्हणतात, त्यांच्या मानाने कांक्रीट सुमारे आठपट उष्णता वाहून नेते. शिवाय कांक्रीट दिवसभर ऊन पिते आणि सूर्य मावळल्यावर ते घरात ओकू लागते. पत्र्याची झोपडी दुपारी भाजून काढीत असे, हे खरे. पण पत्रा दिवेलागणीनंतर लवकर निवे. कांक्रीटचे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. कामावरून दमून आलेल्या माणसाला ज्या वेळी झोप हवी, नेमक्या त्याच वेळी भिंत त्याच्यावर दिवसाचा सूड उगविते.

दुसरी गोष्ट खिडकी. नागपूर-चंद्रपूरकडील उन्हाळा कोरडा असतो. तेथे दुपारी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, वाळ्याचा कूलर लावावा आणि रात्री घर उघडावे, ही रीत चालते. मुंबईची हवा दमट आहे. येथे घाम अंगावरच राहतो, कूलर निरुपयोगी ठरतो, आणि शरीराला उतार मिळतो तो केवळ वाहत्या वाऱ्याने. वारा वाहावयाचा तर त्याला येण्यास एक वाट हवी आणि जाण्यास दुसरी. जुन्या चाळीत एका अंगाला गॅलरी आणि दुसऱ्या अंगाला खिडकी, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी असे. दार उघडे राहिले की वारा आरपार जाई. नव्या मनोऱ्यात मधोमध अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे असतात. प्रत्येक घराला एकाच बाजूने खिडक्या. दार बोळाकडे उघडते, म्हणून मुलीबाळींच्या घरात ते बंदच ठेवावे लागते. वारा खिडकीशी येतो आणि तेथूनच परत जातो. भाग्याने पश्चिमेची बाजू मिळाली तरी मार्च महिन्यात पुष्कळदा जमिनीवरचे वारे समुद्राचा वारा दुपारपर्यंत अडवून धरतात. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला पारा ४१.७ अंशांवर गेला होता. तेव्हा उन्हाळा नवा नाही. उन्हाळ्याला पाठ देऊन बांधलेली घरे नवी आहेत.

तिसरी गोष्ट दोन इमारतींमधील अंतर. या बाबतीत इतिहासाचे एक पान तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. याच ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले, हे तुम्हांस ठाऊक आहे. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, हा त्याच्यावरील जुना आक्षेप आहे व तो रास्तही आहे. पण त्याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्या काळी एक नियम आग्रहाने पुढे मांडला होता. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढली, तर समोरची इमारत त्या रेषेच्या वर डोकावता कामा नये. साध्या भाषेत सांगावयाचे तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. मध्ये तीन मीटर जागा असेल, तर समोरची इमारत सहा मीटर, म्हणजे जेमतेम दोन मजल्यांची.

आता शंभर वर्षांनंतरची स्थिती पाहा. गोवंडी-मानखुर्दकडील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून सुमारे तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा वसाहतींतील क्षयरोग आणि घरांत न पोहोचणारे ऊन-वारे यांचा संबंध डॉक्टरांनी व मुंबईच्या आय. आय. टी.तील अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दाखवून दिला. परकीय राजवटीतील अधिकाऱ्याला जे उमगले होते, ते स्वतंत्र भारतातील नियम करणारांस उमगू नये, असे कसे म्हणता येईल? उमगलेले आहे, पण पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी किमान ६५० घरे बसवावीत असे ठरले, गरिबांच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेची अट सैल केली गेली, आणि त्यातून वाचलेली जमीन विक्रीच्या इमारतीकडे गेली. एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात. एकीला बाग आणि वारा, दुसरीला बोळ आणि सावट! गावकुसाबाहेरच्या वस्तीचा अनुभव ज्यांच्या पूर्वजांनी घेतला आहे, त्यांस या रचनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट छत. खालच्या मजल्यास वारा नाही म्हणून वरचा मजला मागून घ्यावा, तर शेवटच्या मजल्यावर स्लॅब तापतो. मे महिन्यात मुंबईत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचे ऊन भिंतीपेक्षा गच्चीवर अधिक पडते. पंखा लावला तर तो छताखालची तापलेली हवाच खाली आणतो.

हा सर्व भार घरात कोणावर पडतो, याचा विचार करा. पुरुष कामावर जातो, सायंकाळी परततो. घरात मागे राहते ती स्त्री, लहान मूल आणि वृद्ध. स्त्री तर त्याच घरात चूल पेटविते. तीनशे चौरस फुटांच्या घरात स्वयंपाकाचा ओटा बसण्याच्या खोलीपासून निराळा काढलेला असतोच असे नाही. गॅसची धग आणि भातावरील वाफ यांस बाहेर जावयास वाट नसते. ती तक्रार करीत नाही, कारण तिला वाटते की इतके चांगले घर मिळाले असता उकाड्याची तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा होय. भगिनींनो, हा गैरसमज काढून टाका. उष्णतेने माणूस मरतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी झुंजण्याची स्वतंत्र योजना आखली. ज्या गोष्टीने जीव जातो, तिच्याविषयी बोलणे हा कृतघ्नपणा नव्हे.

काही जण यावर उपाय सुचवितात की वातानुकूल यंत्र बसवावे. ज्यांस परवडते त्यांनी अवश्य बसवावे. पण मोफत म्हणून मिळालेल्या घरात दरमहा विजेचे वाढीव बिल, देखभालीची वर्गणी आणि यंत्राचा हप्ता भरावा लागला, तर ते घर मोफत कसे? आणि हे यंत्र घरातील उष्णता नाहीशी करीत नाही. ती बाहेर फेकते. अरुंद डक्टमध्ये एकाने यंत्राचा बाहेरचा भाग बसविला की त्याची ऊन हवा वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत जाते. मग वरच्यालाही यंत्र घ्यावे लागते. ज्याची ऐपत नाही तो दोघांचा उकाडा सोसतो.

वास्तविक गरज इतक्या यंत्रांची नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने कार्यालयांत काम करणाऱ्या भारतीय माणसांचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवून दिले की आपल्या हवेत राहणारा माणूस उघड्या खिडक्यांच्या इमारतीत तीस अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही सुखाने राहू शकतो. हे तत्त्व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वीकारले गेले. म्हणजे इमारत नीट बांधली तर खिडकी आणि पंखा यांवर वर्षातील बराचसा काळ निभावतो.

आणि इमारत नीट बांधता येते, याचा पुरावाही आहे. राजकोट येथे प्रधानमंत्री आवास योजनेतून गरिबांसाठी १,१७६ घरांची सात मजली वसाहत बांधताना आराखड्याच्या वेळीच उष्णतेचा विचार करण्यात आला. हलक्या ठोकळ्यांच्या जाड भिंती, पूर्ण उघडणाऱ्या बिजागरीच्या खिडक्या, छतावर उष्णतारोधक थर, आणि घरातील हवा ओढून घेणारा डक्ट, एवढ्या साध्या गोष्टी. त्यांच्या योगाने ऐन उन्हाळ्यातील खोलीची उष्णता सुमारे पाच अंशांनी उतरावी, असा तो आराखडा होता. गरिबांचे घर स्वस्तही असू शकते आणि गारही असू शकते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. तीत दमट-उष्ण प्रदेशासाठी असे माप दिले आहे की घराच्या चटई क्षेत्राच्या एक षष्ठांशाइतका भाग खिडक्यांच्या रूपाने बाहेरच्या हवेकडे उघडला पाहिजे. हिशेब सोपा आहे. घर तीनशे चौरस फुटांचे, तर उघडणारी जागा पन्नास चौरस फूट हवी. चार फूट लांब-रुंद अशी सरकती खिडकी दिसावयास सोळा चौरस फुटांची असते, पण एक काच दुसरीमागे जात असल्याने उघडते ती निम्मी, म्हणजे आठ चौरस फूट. अशा तीन खिडक्या धरल्या तरी चोवीसच होतात. बिजागरीची खिडकी असेल तर तीच जागा जवळजवळ पुरी उघडते. ही संहिता राज्यांनी व महापालिकांनी आपापल्या नियमांत आणून अमलात आणावयाची असते. ती दिल्लीत छापून निघाली एवढ्याने तुमच्या घरची खिडकी रुंद होत नाही.

कोणी विचारील की हा हक्काचा प्रश्न कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली चमेली सिंग यांच्या प्रकरणात निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि निवारा म्हणजे डोक्यावरचे नुसते छप्पर नसून पुरेशी जागा, पुरेसा उजेड, शुद्ध हवा व पाणी हेही त्यात येते, असे स्पष्ट केले. २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये ओळखला. भगवान बुद्धांनीही भिक्खूंच्या चार आवश्यक गोष्टींत निवासाची गणना केली आणि त्याचे प्रयोजन सांगताना थंडी, ऊन, डास यांपासून रक्षण होणे हे सांगितले. ज्या घरात ऊन अडत नाही, त्याने घर असण्याचे प्रयोजनच पुरे केले नाही.

आता करावयाचे काय, ते सांगतो.

जेथे पुनर्वसन अद्याप व्हावयाचे आहे तेथील बंधूंनी हे ध्यानात ठेवावे की मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या खाजगी योजनेस पात्र रहिवाशांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमची सही हे तुमचे बळ आहे. ती करण्यापूर्वी आराखडा मागून घ्या आणि विकासकाला सभेत, सर्वांसमक्ष पाच प्रश्न विचारा. आमच्या इमारतीची उंची किती आणि समोरच्या इमारतीपासून अंतर किती? लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे आहे, की पूर्व-पश्चिमेच्या तिरप्या उन्हात? प्रत्येक घरात वारा आरपार जाण्यास दुसरी वाट आहे काय? बाहेरच्या भिंती कशाच्या, खिडक्या कोणत्या जातीच्या आणि त्यांवर छज्जा किती? शेवटच्या मजल्याच्या छतावर उष्णता अडविणारा थर आहे काय? उत्तरे तोंडी घेऊ नका. लेखी घ्या व करारनाम्यात घाला. जेथे संमतीची अट नाही, अशा सरकारी प्रकल्पांतही २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आराखड्याची प्रत मागता येते. समाजातील ज्या मुलामुलींनी स्थापत्याचे शिक्षण घेतले आहे, त्यांनी एक रविवार वस्तीत येऊन हा आराखडा लोकांस समजावून द्यावा. समाजाने शिकविलेल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता?

जे नव्या घरांत राहावयास गेले आहेत, त्यांनीही हताश होऊ नये. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठराव करून गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतविणारा रंग लावून घ्यावा, अथवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घ्यावी. शेवटच्या मजल्यावरील घर त्यामुळे दोन ते पाच अंशांपर्यंत निवू शकते. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा गार छतांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. मग आपण मागणी का करू नये? पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा ताडपत्री लावावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. ओट्याजवळ एक्झॉस्ट पंखा बसवावा. डक्टमध्ये सामान व कचरा साठू देऊ नये. तो इमारतीचा श्वास आहे. दुपारच्या वेळी मजल्यावरील एकट्या वृद्धांची विचारपूस करण्याची पाळी तरुणांनी आपसांत वाटून घ्यावी. आणि वस्तीच्या बुद्धविहारात पंखा, सावली व पिण्याचे पाणी असेल, तर उन्हाळ्यात त्याचे दार दुपारी बंद ठेवू नये.

बंधू-भगिनींनो, घर मिळविण्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षे कागद जमविले, पुरावे जपले, कचेऱ्यांचे जिने झिजविले. तीच चिकाटी आता घर कसे असावे, यासाठी लावावयाची आहे. पुढच्या रविवारी मोजपट्टी घ्या, आपल्या घराच्या खिडक्या किती उघडतात ते मोजा, आणि तो आकडा संस्थेच्या किंवा वस्तीच्या सभेत वाचून दाखवा. दहा घरांचे आकडे एकत्र आले की तक्रार होते. शंभर घरांचे एकत्र आले की ती मागणी होते. दात्यापुढे मान खाली घालून घर घेण्याचे दिवस संपले आहेत. ज्या घरात तुमची आई दुपारी निजू शकेल आणि तुमचे मूल रात्री अभ्यास करू शकेल, ते घर मागा.